बीज आणि क्षेत्र

आमच्या आखाडा बाळापूरकडे मृग जवळ आला, की माणसे एकमेकांना पावसाच्याही आधी बियाण्याची चौकशी करतात. घरचे सोयाबीन पेरावे, की दुकानातून पिशवी आणावी? घरचे असेल, तर ते कोणत्या साली काढले, पोती किती वेळा आपटली, उगवण कशी आहे? मग जाणता शेतकरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याच्या आत किती दाण्यांना मोड आले, ते पाहतो. सत्तर मोडले, तर पेरायला हरकत नाही. चाळीसच मोडले, तर तो रानाला बोल न लावता बियाणे बदलतो.

पण याच शेतकऱ्याच्या सुनेला लग्नानंतर तीन-चार वर्षांत मूल झाले नाही, तर हे सारे शहाणपण तो आखाड्यावर ठेवून घरी येतो. (आमच्या भागात शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात.) घरात बी कोणी तपासत नाही. तेथे दोष नेहमी रानाचा, आणि रान म्हणजे बाई. आपल्या भाषेतही ‘वांझ’ हा शब्द जमिनीला, गायीला आणि बाईला लागतो. पुरुषाला लागत नाही.

अलीकडे या जुन्या प्रश्नाला एक नवा पदर आला आहे. मुली शिकतात, नोकरीच्या परीक्षा देतात, घरातल्या धाकट्यांची शिक्षणे उरकतात आणि तिशी ओलांडून लग्नाला उभ्या राहतात. काहींचे पहिले लग्न मोडलेले असते. काहींनी पंचविशीतच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते आणि पुढे पोटचे लेकरू अपघातात किंवा तापात गेलेले असते. अशा बायकांना पस्तिशी-चाळिशीत मूल हवे असते. त्यांच्यासाठी हिंगोली-नांदेड रस्त्यावर फलक लागलेले दिसतात, औषधांच्या पुड्या विकल्या जातात आणि ‘बीजाची प्रत सुधारून देतो’ असे आश्वासन मिळते. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे. तेव्हा या आश्वासनात तथ्य किती याचा शोध मी माझ्या वाटेने, म्हणजे जुन्या पोथ्यांपासून सुरुवात करून, घेतला. त्या शोधाची ही हकीकत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असे सांगितले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. अंकुर फुटायला हंगाम, जमीन, पाणी आणि बी लागते, तसेच हे. याच शारीरस्थानात पुढे स्त्रीचे आर्तव बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीच्या सुमारास क्षीण होते, अशीही नोंद आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही मर्यादा आजच्या वैद्यकाला फारशी बदलावी लागलेली नाही. माणसाचे सरासरी आयुष्य वाढले, पण पाळी जाण्याचे वय आहे तेथेच, पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान, राहिले.

सुश्रुताच्या मते गर्भ हा पुरुषाचे शुक्र आणि स्त्रीचे आर्तव यांच्या संयोगाने होतो. म्हणजे स्त्रीचाही त्यात मूळ वाटा आहे. परंतु समाजाच्या मनावर राज्य केले ते वैद्यांच्या नव्हे, धर्मशास्त्रकारांच्या उपमेने. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, अशी वाटणी केली आहे आणि दोहोंत बीज श्रेष्ठ मानले आहे. ही वाटणी केवळ आपल्याकडची नाही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच सांगत होता : बाई द्रव्य पुरवते, रूप पुरुषाचे. एकदा बाईला नुसती जमीन ठरवले, की पीक मालकाचे आणि नापिकीचा दोष जमिनीचा, हे ओघानेच येते. मूल झाले तर वंश त्याचा. न झाले तर वांझ ती.

या उपमेला पहिला खरा धक्का बसला तो सतराव्या शतकात. इंग्लंडच्या राजाचा वैद्य विल्यम हार्वे याने राजाच्या उपवनातल्या हरिणी चिरून गर्भाचे मूळ शोधले. १६५१ साली त्याचा ग्रंथ निघाला. सर्व जीव अंड्यातून येतात असे त्याने ठासून सांगितले, पण सस्तन प्राण्याचे अंडे काही त्याला दिसले नाही. १६७२ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या रेनिए द ग्राफने बीजकोशातल्या पाण्याने भरलेल्या फुग्यांचे वर्णन केले आणि तीच अंडी असे मानले. खरे बीज त्या फुग्याच्या आत असते. ते प्रथम पाहिले कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याने, १८२७ साली, कोनिग्सबर्ग येथे, एका कुत्रीच्या बीजकोशात. आपल्याकडे पेशवाई बुडून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. स्त्रीजवळ स्वतःचे बीज असते, ही गोष्ट डोळ्यांनी पाहून सिद्ध झाली ती इतक्या अलीकडे.

मराठी माणसाला या इतिहासात एक नाव आदराने घ्यावे लागते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. नवव्या वर्षी लग्न झालेल्या आणि चौदाव्या वर्षी पहिले मूल दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने पाश्चात्त्यांच्या विद्यालयात बसून आपल्या जुन्या ग्रंथांतले प्रसूतिविचार मांडावेत, याला मी नुसता अभ्यास म्हणत नाही. पदवीनंतर वर्ष उलटण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या वारल्या.

बीज सापडले; पण ते किती असते, केव्हा तयार होते आणि वयाबरोबर त्याचे काय होते, हे प्रश्न उरलेच होते. १८७० साली जर्मनीच्या वाल्डेयरने असे मत मांडले, की स्त्रीची सर्व बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. पुढे नवी होत नाहीत. यावर ऐंशी वर्षे वाद चालला. १९५१ साली सॉली झुकरमन याने उपलब्ध पुरावे तपासून वाल्डेयरच्या बाजूने कौल दिला. १९६३ साली टी. जी. बेकर याने प्रत्यक्ष मोजदाद प्रसिद्ध केली. आईच्या पोटातल्या पाच महिन्यांच्या मुलीजवळ सुमारे सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी ती वीस लाखांपर्यंत उतरतात. न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. साऱ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती फार तर चारशे-पाचशे. बाकीची कोठारातल्या कोठारातच जिरून जातात. मुले झाली काय, न झाली काय, ही गळती थांबत नाही.

याचा अर्थ वाचकांनी क्षणभर थांबून मनात आणावा. आजीच्या पोटात आई होती, तेव्हाच नातीचे बीज तयार झालेले होते. अडतिसाव्या वर्षी जे बीज पिकते, ते अडतीस वर्षांहून थोडे अधिकच जुने असते. पुरुषाचे बीज सुमारे अडीच महिन्यांत नव्याने तयार होत राहते. त्यालाही वय चुकत नाही, पण साठवणीचे बी आणि दर हंगामाचे ताजे बी यांत जो फरक, तो येथे आहे.

साठवणीत बिघडते ते नेमके काय? बीजात वंशाची सूत्रे जोडीजोडीने बांधलेली असतात. बीज पिकताना त्या जोड्या सुटून निम्मी सूत्रे बाहेर पडायची असतात. हे काम मुलीच्या जन्माआधी सुरू होऊन अर्ध्यावर थांबते आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्या त्या बीजाची पाळी आली की पुरे होते. सूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनांची जी बांधणी असते, ती बहुधा एकदाच होते. नंतर ती नवी होत नाही. गोठ्यातले जुने दावे जसे आतून कुजत जाते, तशी ती सैल पडते आणि सूत्रे चुकीच्या बाजूला जातात. एक सूत्र कमी किंवा अधिक झाले, की बहुतेक वेळा गर्भ धरतच नाही, किंवा धरून गळतो. क्वचित तो टिकतो आणि मूल अधिक सूत्र घेऊन जन्मते.

अशा एका प्रकारच्या मुलांचे वर्णन १८६६ साली इंग्लंडमध्ये जॉन लँग्डन डाउन याने केले. त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १९३३ साली लायोनेल पेनरोज याने आकडेमोड करून दाखवले, की याचा संबंध आईच्या वयाशी आहे, बापाच्या वयाशी किंवा मुलाच्या क्रमांकाशी नाही. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लजन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकविसावे सूत्र दोनऐवजी तीन असल्याचे दाखवले. विशीतल्या आईला असे मूल होण्याचा संभव सुमारे दीड हजारांत एक. पस्तिशीत साडेतीनशेंत एक. चाळिशीत शंभरांत एक. गर्भ गळण्याचेही तसेच आहे. पंचविशी-तिशीत दहांत एक गळत असेल, तर पंचेचाळिशीपुढे निम्म्याहून अधिक गळतात. स्त्रीबीजाची ‘प्रत’ म्हणतात ती मुख्यतः हीच.

येथे घरोघरच्या म्हाताऱ्या एक आक्षेप घेतात आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. “आमच्या वेळी सासू-सुना एकाच साली बाळंत व्हायच्या. माझा धाकटा मला बेचाळिसाव्या वर्षी झाला. तवा कुठं होतं तुमचं औषध?” गोष्ट खरी आहे. मराठीत त्या लेकराला ‘शेंडेफळ’ असा लाडका शब्दच आहे. पण शेंडेफळ म्हणजे झाडाच्या शेंड्यावरचे शेवटचे फळ, हे आपण विसरतो. १९५७ साली ख्रिस्तोफर टीट्झे याने उत्तर अमेरिकेतल्या हटराइट नावाच्या धर्मपंथातल्या बायकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या पंथात संततिनियमन निषिद्ध, खाण्यापिण्याची ददात नाही, लग्ने टिकाऊ. तेथेही शेवटच्या बाळंतपणाचे सरासरी वय एक्केचाळिशीच्या आसपास निघाले. चाळिशीनंतर तिघींतल्या एकीला मूल झाले नाही आणि पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत शंभरांतल्या सत्त्याऐंशी बायकांची कूस मिटली होती.

तेव्हा बाईच्या देहात काही नवे बिघडले आहे, भेसळीच्या खाण्याने आजच्या मुली नासल्या आहेत, ही ओरड मला पटत नाही. देह आजीचा होता तसाच आहे. आजीला ज्या वयात शेंडेफळ आले, त्या वयात नातीला पहिले फळ हवे आहे. आजीच्या पदरात तेव्हा पाच-सहा लेकरे असत. बेचाळिसाव्या वर्षी आणखी एक झाले नाही, तर त्याची कोणी दखलही घेत नसे. ज्यांना झाले, त्यांचीच आठवण घरात राहिली.

विसाव्या शतकात आपल्याकडची सारी चर्चा मुले न होऊ देण्याभोवती फिरली आणि त्याला कारणेही होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एकात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. स्त्रीच्या देहाविषयी मराठीत स्वच्छपणे बोलता-लिहिता येते, हे आपल्याला कर्व्यांनी शिकवले. सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. आमचा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पुढे १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात आला आणि १९९९ साली परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला. या सगळ्या स्थित्यंतरांनंतर शस्त्रक्रियेचा भार मुख्यतः बाईवरच येऊन पडला. दोन लेकरे झाली, की पंचविशीच्या आसपास तिच्या नळ्या बांधायच्या. पुढे लेकरू दगावले, तर काय? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू सरकारला हा प्रश्न एकदम शेकडो घरांत दिसला आणि नळ्या पुन्हा जोडण्याचा खर्च त्याने उचलला. नळी जोडता येते. पण मधल्या बारा-पंधरा वर्षांत बीजाचे जे वय झाले, ते कोणत्याही टाक्याने मागे येत नाही.

मूल होण्याची विद्या पुढे सरकली ती १९७८ साली. २५ जुलैला इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांनी देहाबाहेर फळलेल्या बीजापासून पहिली मुलगी जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तोच चमत्कार तुटपुंज्या साधनांनी करून दाखवला. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली. देशातली पहिली म्हणून तिचा गौरव झाला. परंतु १९९७ साली याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासली आणि पहिलेपणाचा मान आपला नव्हे, त्यांचा, असे जाहीरपणे सांगितले. आपल्याकडच्या विद्वत्तेच्या इतिहासात अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना निराळी आहे. १९८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात एका स्त्रीचे बीज दुसरीच्या उदरात वाढवण्यात यश आले. १९९० साली अमेरिकेत मार्क सॉवर आणि सहकाऱ्यांनी चाळिशी उलटलेल्या, बीजकोश थकलेल्या बायकांच्या गर्भाशयात तरुण स्त्रियांच्या बीजांपासून झालेले गर्भ ठेवले. ते तरुणींच्या उदरात रुजावेत तसेच तेथे रुजले. २४ जानेवारी १९९१ रोजी डॉ. हिंदुजा यांच्या हातून अशा दान केलेल्या बीजापासूनचे देशातले पहिले मूल जन्मले.

दोन हजार वर्षांच्या बीज-क्षेत्राच्या वादाचा निकाल या प्रयोगांनी लावला. वय होते ते मुख्यतः बीजाला; क्षेत्र पुष्कळ काळ सुपीक राहते. ज्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या बसल्या, ती निर्दोष ठरली. (चाळिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब, मधुमेह, पोट चिरून करावे लागणारे बाळंतपण यांचे धोके वाढतात, हे खरेच, पण तो दुसरा विषय.) ब्रिटनच्या सरकारी नोंदी पाहिल्या तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस वयाच्या बाईच्या स्वतःच्या बीजापासूनचे शंभर गर्भ उदरात ठेवले, तर पाचांच्या आसपास मुले जन्मतात. दुसऱ्या तरुणीच्या बीजाने तीच संख्या पंचवीस-तीसांच्या घरात जाते. वर्तमानपत्रात पन्नाशी-साठीच्या मातांची जी छायाचित्रे येतात, ती या दुसऱ्या रकान्यातली असतात. २०१९ च्या सप्टेंबरात आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईला जुळ्या मुली झाल्या, त्याही दान केलेल्या बीजापासून. बातमीचा मथळा मोठा असतो. ही ओळ बारीक असते.

मग स्वतःच्या जुन्या बीजाची प्रत सुधारते की नाही? प्रयत्न पुष्कळ झाले. २००४ साली अमेरिकेत जोनाथन टिली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांवरून असे प्रतिपादन केले, की बीजकोशात नवी बीजे तयार होऊ शकतात. मोठी खळबळ उडाली. त्या विचारातून पुढे बाईच्याच पेशींतले ऊर्जाकण तिच्या बीजात टोचण्याचा उपाय निघाला आणि काही देशांत तो महाग दराने विकलाही गेला. स्पेनमधल्या संशोधकांनी एकाच बाईची निम्मी बीजे टोचून आणि निम्मी तशीच ठेवून ताडून पाहिली. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला : फरक नाही. बीजकोशात रक्तातला अंश टोचणे, निरनिराळी जीवनसत्त्वे, कोएन्झाइम क्यू-टेन नावाच्या गोळ्या, यांविषयी लहान लहान प्रयोग आहेत, आशा आहे; पण यांनी चाळिशीच्या बाईला मूल होण्याचे प्रमाण वाढते, असा भक्कम पुरावा नाही. आमच्याकडची शतावरी आणि फलघृत यांना परंपरेचा मान आहे; पण सैल पडलेल्या सूत्रांची बांधणी त्यांनी घट्ट होते, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

जे सिद्ध आहे, ते साधे आहे. तंबाखूच्या धुराने पाळी एक-दोन वर्षे आधी जाते. म्हणजे कोठार लवकर रिते होते. मिश्री आणि तंबाखू खाणाऱ्या मातांची बाळे कमी वजनाची होतात, हे मुंबईतल्याच पाहणीत २००४ साली दिसले आहे. वजन फार वाढलेले किंवा फार उतरलेले असेल, तर बीज वेळेवर पिकत नाही. थायरॉइडचा दोष आणि आपल्या देशात विशेषेकरून गर्भाशयाचा व नळ्यांचा क्षय, ही कारणे शोधली तर सापडतात आणि बहुतेकांवर इलाज आहे. बीज पिकायचा अखेरचा टप्पा तीन महिन्यांचा असतो. तेवढ्या काळात आपण त्याची हेळसांड टाळू शकतो, त्याचे वय उतरवू शकत नाही. हळदीचे बेणे सावलीत नीट झाकून ठेवले तर सडत नाही. म्हणून ते गेल्या सालचे या सालचे होत नाही. रक्ताची एक तपासणी हल्ली सांगतात. तिने पोत्यात दाणे किती उरले याचा अदमास येतो. उगवण किती, ते ती सांगत नाही. तरुणपणीच बीज काढून गोठवून ठेवण्याची सोय आता शहरांत आहे. ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या बीजापासून पहिली मुले १९८६ साली झाली. पण ती सोय ज्यांना पंचविशी-तिशीत सुचते आणि परवडते, त्यांची. कळमनुरी तालुक्यातल्या मुलीला ती ऐकूनही माहीत नसते.

हे सर्व मी अलिप्तपणे लिहू शकलो असतो, पण माझ्या एका मावसबहिणीमुळे ते शक्य नाही. तिचे लग्न छत्तिसाव्या वर्षी झाले. दोन भावांना मार्गी लावण्यात तिची उमेद गेली होती. एकोणचाळिसाव्या वर्षी ती नवऱ्यासह एका मोठ्या शहरातल्या केंद्रात गेली. तेथे आठ महिने तिला बीजाची प्रत सुधारण्यासाठी म्हणून पुड्या, गोळ्या आणि सुया देण्यात आल्या. दोन एकर रान गहाण पडले. त्या आठ महिन्यांत ती चाळीस वर्षांची झाली, एवढेच निश्चित घडले. नवऱ्याची तपासणी सातव्या महिन्यात झाली, आणि तीत दोष निघाला. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही उणे असते आणि त्याची तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त असते. तरी ती शेवटी झाली. मग एके दिवशी तिला सांगण्यात आले, की आता दुसरीचे बीज घ्यावे लागेल; आणि तेही अशा रीतीने, की सही करून झाल्यावर तिला अर्थ कळला.

मी तिची समजूत घालायला गेलो, तर ती शांत होती. ती म्हणाली, “दादा, बी परकं का घरचं, याचं मला काही नाही. पोटात वाढलं, की लेकरू माझंच. पण मला आधी सांगायला पाहिजे का नको? बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा उगवण किती, ते छापलेलं असतं. मला कोणी एक आकडा सांगितला नाही.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे एका सरकारी रुग्णालयातल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धा तास समोर बसवून सगळे सांगितले. त्याचे पैसे पडले नाहीत. आता त्या दोघांनी दत्तकासाठी नाव नोंदवले आहे. रांग मोठी आहे.

आता कायदा झाला आहे. २०२१ साली संसदेने संमत केलेला आणि २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेला हा कायदा सांगतो, की असे उपचार स्त्रीला एकवीस ते पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांपर्यंतच द्यावेत. बीज देणारी स्त्री तेवीस ते पस्तीस वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत, तिचा विमा उतरवावा आणि बीजाचा व्यापार करू नये. यातले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण दुसऱ्या बाईचे बीज म्हणतो, तेव्हा ती दुसरी बाई कोण असते? बहुधा गरजू. सुया तिला टोचल्या जातात, धोका तिचा आणि बारशाला तिला आमंत्रण नसते.

आणि याच मराठवाड्यात क्षेत्राचे काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ब्याऐंशी हजार बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. कित्येकींचे ऐन तिशी-पस्तिशीत. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, पदराला दंड लागू नये, हेही त्यामागचे एक कारण. एका बाईला पन्नाशीपर्यंत फळाची आशा विकायची आणि दुसरीचे क्षेत्रच तिशीत उपटून टाकायचे, या दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात एकाच काळात घडल्या. दोन्हींत साम्य एकच : बाईला पुरते समजावून सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही.

आमच्याकडे लेकरासाठी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलतात, पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते असे मानतात. त्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. नवसाने कोणाचे रान गहाण पडत नाही. पण ज्या घरात तिशी उलटलेली सून आहे आणि मूल हवे आहे, त्या घराने काही गोष्टी कराव्यात. सहा महिने वाट पाहून मूल राहिले नाही, तर थांबू नये. वय विशीतले असेल, तर वर्षभर थांबता येते. तपासणी दोघांची एकाच दिवशी करावी आणि पहिली नवऱ्याची. कोणी बीजाची प्रत सुधारून देतो म्हटले, तर त्याला विचारावे, की माझ्या वयाच्या शंभर बायका तुमच्याकडे आल्या, त्यांतल्या कितींच्या मांडीवर मूल आले, आणि ते कोणाच्या बीजाचे? उत्तर लेखी मागावे. सासूने सुनेबरोबर जावे, पण बोलावे सुनेने.

‘वांझ’ हा शब्द मात्र आता जमिनीलाच राहू द्यावा. आणि जमिनीलाही तो लावण्यापूर्वी शंभर दाणे गोणपाटात घालून पाहावेत.